भाराभर चिंध्या

परवा प्राध्यापकांच्या खोलीत चहा घेताना एका सहकाऱ्याने मला सहज विचारले, "तुमची कन्या पुष्कळ वाचते म्हणे. काय वाचते हो?"

प्रश्न सरळ होता. मी मराठीचा प्राध्यापक. अमुक पुस्तक कादंबरीच्या खणात टाकायचे की चरित्राच्या, हे मुलांना समजावून सांगण्याचाच मला पगार मिळतो. तरीही त्या प्रश्नाचे उत्तर मला एका वाक्यात देता येईना. "ती काय वाचत नाही, असे विचारा, म्हणजे लवकर सांगून होईल," असे म्हणून मी वेळ मारून नेली. तेवढ्यात तासाची घंटा झाली आणि मी सुटलो. पण प्रश्न काही सुटला नाही. त्याचे खरे उत्तर मला ठाऊक होते, आणि त्या उत्तरात माझीच एक फजिती दडलेली होती. ती आज फराळाच्या ताटाबरोबर वाचकांपुढे ठेवतो.

आमची ही धाकटी कन्या पंधरा वर्षांची. यंदा दहावीत आहे. तिचा दिवस वाचनानेच उजाडतो. दाराला अडकवलेल्या पिशवीतून दूध आणि वर्तमानपत्र आत आणण्याचे काम तिने आपण होऊन पत्करले आहे. त्यात सेवाभाव किती आणि स्वार्थ किती, हे सांगायला नकोच. दारापासून स्वयंपाकघरापर्यंत अंतर दहा पावलांचे. पण तेवढ्यात पहिले पान वाचून झालेले असते. मी अग्रलेखापासून सुरुवात करतो. आमच्या सौभाग्यवती राशिभविष्यापासून करतात, अर्थात 'आपला यावर काडीचा विश्वास नाही' हे आधी जाहीर करून! कन्या मात्र छोट्या जाहिरातींपासून सुरू करते. 'हरवले आहे', 'जागा भाड्याने देणे आहे', 'नावात बदल' असल्या मजकुरात तिला काय सापडते, देव जाणे. "बाबा, या माणसाने पन्नासाव्या वर्षी नाव का बदललं असेल?" असा एखादा प्रश्न ती मी दाढी करत असताना विचारते. उत्तर द्यायला जावे तर गाल कापतो.

पुढे दात घासताना पेस्टच्या नळीवरचा मजकूर, चहा पिताना चहाच्या पुड्यावरचा. घरात नवे औषध आले की त्याच्या खोक्यातला घडीचा कागद आधी तिच्या हाती जातो. माझ्या खोकल्याच्या औषधाने काय काय होऊ शकते, हे तिने एकदा इतक्या तपशिलाने वाचून दाखवले, की मी आल्याचा काढाच पसंत केला. शेंगदाण्याची पुडी संपली की कागद ती नीट सरळ करते. त्यावर एखाद्या गोष्टीचा तुकडा असला तर पुढची हकीकत मनाने जुळवते. भिंतीवरच्या 'कालनिर्णय'चे तर बोलायलाच नको. १९७३ सालापासून हे कॅलेंडर मराठी घरांत आहे. पण त्याच्या पानामागचे लेख पुढचे महिने उलटून, खुर्चीवर उभे राहून, वर्षाच्या पहिल्या आठवड्यातच वाचून संपवणारी माणसे फार नसावीत. आमच्या भिंतीचा खिळा त्यापायी दोनदा निघाला.

शाळेतून आली की ती वाचनालयात जाते. आम्ही ठाण्याला राहतो, आणि ठाणेकरांना या बाबतीत थोडा अभिमान बाळगायला हरकत नाही. इथल्या मराठी ग्रंथसंग्रहालयाची स्थापना १८९३ सालची, म्हणजे मुंबईच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाहून पाच वर्षे आधीची. रात्री आठ ते नऊ हा तास मात्र तिचा एकटीचा नसतो. तो तिच्या आजीचा, म्हणजे माझ्या आईचा.

आईविषयी इथे थोडे सांगितले पाहिजे. तिचे शिक्षण सातवीपर्यंत झालेले, पण वाचनाची ओढ जबर. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' तिने किमान तीनदा वाचली असतील. चार वर्षांपूर्वी तिच्या डोळ्यांच्या पडद्याला विकार जडला. या दुखण्याची रीत मोठी विचित्र आहे. कडेचे दिसते, मधले जाते. खिडकीची चौकट तिला दिसते, पण खिडकीतून डोकावणारा माणूस कोण ते कळत नाही. पुस्तक दिसते; ज्या ओळीवर नजर ठेवावी, नेमकी तीच ओळ पुसून जाते. तेव्हापासून नात वाचते आणि आजी ऐकते. हात रिकामे नकोत म्हणून आई जुन्या कापडांच्या गोधड्या शिवत बसते. सुई ओवून देण्याचे कामही नातीचेच.

आता या कन्येच्या उशाशी कोणती पुस्तके असत, ते पाहा. मागल्या उन्हाळ्यात एकदा मी मुद्दाम ढीग उपसून पाहिला. सर्वांत वर कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा'. तिच्याखाली दुर्गाबाई भागवतांचे 'ऋतुचक्र'. मग गोविंद नारायण माडगांवकरांचे 'मुंबईचे वर्णन', भा. रा. भागवतांचा 'फास्टर फेणे', मारुती चितमपल्लींचे 'पक्षी जाय दिगंतरा', जयंत नारळीकरांचे 'आकाशाशी जडले नाते', विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास', आणि सर्वांत तळाशी रेल्वेचे एक जुने, कोपरे दुमडलेले वेळापत्रक! त्यांतले एकही पूर्ण वाचून झालेले नव्हते. प्रत्येकात खुणेसाठी काही ना काही घातलेले: कुठे बसचे तिकीट, कुठे पिंपळाचे पान, एकात तर चक्क माझे विजेचे बिल, जे मी दोन दिवस शोधत होतो.

माझ्यातला प्राध्यापक जागा झाला. पाककृती, पक्षी, तारे, भटजी आणि आगगाड्या! याला काही धरबंध? 'एक ना धड, भाराभर चिंध्या' ही म्हण मी वर्गात अनेकदा समजावून दिली होती. तिचे उदाहरण माझ्याच घरात वाढत होते. त्यातून दहावीचे वर्ष तोंडावर आलेले. शेजारच्या मुलाचा अभ्यास पहाटे पाचला सुरू होतो, हे त्याच्या आईने आमच्या सौभाग्यवतींना सांगितले होते, आणि सौभाग्यवतींनी मला.

जून महिन्यात शाळा सुरू झाली, तेव्हा मी एक योजना आखली. एक चांगली जाड पुठ्ठ्याची वही आणली आणि तिच्यावर सुवाच्य अक्षरात 'वाचनवही' असे लिहिले. आत रकाने आखले: पुस्तकाचे नाव, लेखक, वाङ्मयप्रकार, सारांश, आणि शेवटी 'घेतलेला बोध'. वर्षभरासाठी दहा निवडक ग्रंथांची यादी केली. यादी उत्तम होती, हे आजही माझे मत आहे. नियम एकच: एक पुस्तक संपवून त्याची नोंद झाल्यावाचून दुसऱ्याला हात लावायचा नाही. बाकीचा ढीग मी कपाटात ठेवला, कुलूप लावले आणि किल्ली माझ्या टेबलाच्या खणात टाकली. कन्येने हूं की चूं केले नाही. मुले वाद घालत नाहीत तेव्हा आपले म्हणणे त्यांना पटले, असे समजण्याची चूक आपण बाप मंडळी नेहमी करतो.

पहिली नोंद आली. अक्षर वळणदार, सारांश बेताचा, बोध तर निबंधात शोभावा असा. मी ती वही कॉलेजात नेऊन दोघांना दाखवलीही. दुसरी नोंद तीन आठवड्यांनी आली. ती चार ओळींची होती. बोधाच्या रकान्यात 'सदैव सत्याने वागावे' असे लिहिले होते. त्या ग्रंथात सत्याचा असा काही प्रश्नच नव्हता! तिसरी नोंद आलीच नाही.

जुलै गेला. घरात एक गोष्ट बदलली होती, पण ती माझ्या लक्षात यायला वेळ लागला. सकाळी वर्तमानपत्र माझ्या हाती घडीसुद्धा न मोडता येऊ लागले. मला वाटले, पोरीला शिस्त लागली. पेस्टच्या नळीवर काय लिहिले आहे, हे आता कोणी सांगत नव्हते. दाढी करताना गाल कापत नव्हता. शेंगदाण्याची पुडी चोळामोळा होऊन टोपलीत जाऊ लागली. अभ्यासाच्या टेबलाशी ती बसलेली दिसे, पण डोळे भिंतीवर. मी समाधानात होतो. सौभाग्यवती एकदाच म्हणाल्या, "अहो, पोर गप्प गप्प झाली आहे." मी म्हणालो, "वयच आहे तसं."

श्रावण लागल्यावर एका संध्याकाळी मी आईच्या खोलीत तिची गोळी द्यायला गेलो. ती गोधडी पुढ्यात घेऊन नुसतीच बसली होती. सुई कापडात टोचून ठेवलेली. मला पाहून, म्हणजे माझी चाहूल ओळखून, ती म्हणाली, "अरे, ज्येष्ठापासून मी झाशीच्या वेढ्यात अडकून पडले आहे."

मला काही उमगेना. वयोमानाने आईला भास होऊ लागला की काय, अशी शंका मनात येऊन गेली.

"गोरे तटावर चढलेत. गोडसे भटजी घरात लपून बसलाय, अन्नपाणी नाही. आणि तू पुस्तकाला कुलूप लावून बसलास. मला तिथून बाहेर काढणार आहेस की नाही?"

मी हसलो, पण ते हसू फार वेळ टिकले नाही. माझ्या योजनेत रात्रीचा आठ ते नऊ हा तास मी 'सारांशलेखन' म्हणून धरला होता. आजीच्या हक्काचा तास मी नोंदवहीला देऊन टाकला, आणि दोन महिने त्याबद्दल कोणी अवाक्षर काढले नव्हते. नातीने नियम मोडला नव्हता आणि आजीने तक्रार केली नव्हती. शिवाय मराठीचा प्राध्यापक म्हणवून घेणाऱ्या मी 'माझा प्रवास'सारखे पुस्तक कुलपात ठेवले होते. हा अपराध तर कोणत्या तोंडाने कबूल करावा?

तरी मी बाजू मांडून पाहिली. "आई, तिचं दहावीचं वर्ष. एक ना धड, भाराभर चिंध्या असं चाललं होतं तिचं."

आईने पुढ्यातल्या गोधडीवरून हात फिरवला. "वरचं लुगडं तेवढं तुम्हाला दिसतं रे," ती म्हणाली. "ऊब आत घातलेल्या चिंध्यांची असते."

त्या रात्री मी किल्ली काढली. कपाट उघडून सगळा ढीग कन्येच्या टेबलावर आणून ठेवला आणि विचारले, "मला एक सांग. स्वयंपाकाचं पुस्तक, रेल्वेचं वेळापत्रक आणि गोडसे भटजी एकाच उशाशी कसे आले?"

तिने माझ्याकडे संशयाने पाहिले. "हे वहीत लिहायचं का?"

"नको. नुसतं सांग."

मग ती सांगू लागली. वाचकहो, ते मी तिच्याच क्रमाने देतो; कारण तो क्रम कोणत्याही अभ्यासमंडळाला सुचला नसता.

मागच्या दिवाळीत आईने अनारसे करायला सांगितले. प्रमाण पाहायला म्हणून 'रुचिरा' निघाली. १९७० साली आलेल्या या पुस्तकाने किती मराठी सुनांची लाज राखली असेल, कोण जाणे! अनारसा खसखशीवर थापतात. खसखस म्हणजे नक्की काय, असे हिला वाटले. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला. आता सगळे खंड संगणकावरही वाचायला मिळतात. त्यात तिला कळले, की ज्या झाडाच्या बोंडाला चिरा पाडून अफू काढतात, त्याच बोंडातले बी म्हणजे खसखस. आपल्या देवघरापुढच्या नैवेद्यात अफूच्या झाडाचे बी! पोरीची झोप उडाली.

अफू कुठे पिकते? माळव्यात. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू मुंबई बंदरात येई आणि तिथून जहाजांनी चीनला जाई. त्या व्यापारावरून इंग्रजांनी चीनशी १८३९ ते १८४२ असे युद्धही केले. मुंबईत या व्यापारात ज्यांनी अमाप पैसा मिळवला, त्यांत सर जमशेटजी जीजीभाई होते. त्यांच्या दानातून जे. जे. रुग्णालय उभे राहिले; त्यांच्या पत्नी अवाबाई यांनी दिलेल्या पैशातून माहीम आणि वांद्रे जोडणारा रस्ता १८४५ साली खुला झाला. ही मुंबई तेव्हा दिसत कशी होती, हे पाहायला तिने १८६३ सालचे माडगांवकरांचे 'मुंबईचे वर्णन' आणले. "बाबा, विषाच्या पैशातून दवाखाना! हे चांगलं म्हणायचं की वाईट?" असे तिने मला विचारले. बोधाच्या रकान्यात भरता येईल असे उत्तर माझ्यापाशी नव्हते.

पुढे माळवा या नावावरून ती गोडसे भटजींकडे गेली. पेणजवळच्या वरसईचे हे गरीब भिक्षुक. उत्तरेत मोठा यज्ञ होणार, दक्षिणा मिळेल, घरचे कर्ज फिटेल, या आशेने १८५७ साली काकांबरोबर पायी निघाले आणि माळव्यात महूच्या आसपास पोचतात तो बंडाचा वणवा पेटलेला. पुढे १८५८ साली झाशीला वेढा पडला तेव्हा हे शहरात होते. राजे-सरदारांनी लिहिलेला हा इतिहास नाही. पोटासाठी घर सोडलेल्या साध्या माणसाने पाहिलेले ते युद्ध आहे. भारताचार्य चिंतामणराव वैद्यांनी ते १९०७ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. मूळ हस्तलिखिताबरहुकूम असलेली आवृत्ती दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली काढली.

"आणि वेळापत्रक?" मी विचारले.

"भटजी चालत गेले ना? आता झाशीला किती तासांत जाता येईल, ते बघत होते. पंजाब मेल झाशीवरून जाते. आजीला घेऊन जायचं आहे एकदा."

नारळीकरांचे सूत निराळे होते. 'कालनिर्णय'मध्ये सूर्योदयाची वेळ मुंबईची दिलेली असते. नागपूरची आत्या फोनवर म्हणाली, की आमच्याकडे केव्हाच उजाडले. हे कसे? पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात, नागपूर मुंबईच्या पूर्वेला सुमारे सहा अंश. म्हणजे तिथे सूर्य जवळजवळ पंचवीस मिनिटे आधी उगवणार. एवढे समजल्यावर मुलगी आकाशाकडे वळली. पहाटे आकाश पाहायला गच्चीवर जाऊ लागली तर पक्ष्यांचे आवाज कानी पडले, म्हणून चितमपल्ली. आणि पक्षी ऋतूप्रमाणे का बोलतात म्हणून दुर्गाबाई. 'फास्टर फेणे' तेवढा कशावरूनच आला नव्हता. तो नुसता मजेसाठी होता, आणि तेही कारण पुरेसे आहे.

मी थक्क होऊन ऐकत होतो. जे मला विस्कळीत दिसत होते, ते आतून शिवलेले होते. मात्र ती शिवण वाचणाऱ्यालाच दिसते. बाहेरच्याला दिसतात फक्त तुकडे. मी चुकलो होतो तो इथे. दहा उत्तम ग्रंथ मी निवडले होते, पण त्यांतले एकही पुस्तक तिच्या कोणत्याही प्रश्नाचे उत्तर नव्हते. प्रश्नाआधीच उत्तर हाती पडले की मुलाला ते ओझे वाटते. वाचणाऱ्या मुलाची भूक असते ती पुढच्या पुस्तकाची. आणि पुढचे पुस्तक कोणते, हे हातातल्या पुस्तकातूनच उगवते.

ही गोष्ट ग्रंथालयशास्त्राने केव्हाच ओळखली आहे. डॉ. रंगनाथन हे मूळचे गणिताचे प्राध्यापक. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. वाचकाला त्याचे पुस्तक भेटले पाहिजे आणि पुस्तकाला त्याचा वाचक, असा त्यांतल्या दोन नियमांचा आशय आहे. म्हणूनच वाचकाला कपाटापर्यंत मोकळेपणी जाऊ द्यावे, असा त्यांचा आग्रह असे. चिठ्ठी देऊन खिडकीतून पुस्तक मागणाऱ्याला मागितलेलेच मिळते. कपाटापुढे उभ्या राहणाऱ्याला शेजारचेही दिसते. मी माझ्या घरात नेमके उलटे केले होते. उघडे कपाट बंद करून खिडकीमागे स्वतः जाऊन बसलो होतो!

आणखी एक आठवण त्या रात्री मनात घोळत राहिली. शाळकरी भीमराव आंबेडकर चर्नी रोडच्या बागेत वाचत बसत. तिथे येणारे शिक्षक आणि लेखक कृष्णराव अर्जुन केळूसकर यांनी त्या मुलाला हेरले, चौकशी केली, आणि ते त्याला वाचायला पुस्तके देऊ लागले. पुढे त्याच्या सत्काराच्या सभेत त्यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. ते चरित्र वाचून आपण भारावून गेलो, असे बाबासाहेबांनीच नमूद केले आहे. १९५६ साली नागपूरला जे घडले, त्याच्या वाटेवर कुठेतरी ते भेटीदाखल मिळालेले पुस्तक उभे आहे. आणि वडील रामजी सुभेदार? मुलाने पुस्तक मागावे आणि हाती पैसा नसावा, अशा वेळी ते लेकींकडे जाऊन उसने मागत. प्रसंगी त्यांचे दागिने गहाण टाकत, असे चरित्रकार सांगतात. त्या बापाने लेकींचे दागिने गहाण ठेवून पुस्तके आणली. आणि माझ्या घरी कपाट भरलेले असताना मी त्याची किल्ली खणात टाकली. तुलना करण्याचीही मला लाज वाटते, पण ती मनातून जात नाही.

आईबापांनी मुलांकडे लक्षच देऊ नये, असे मात्र मला म्हणायचे नाही. आमच्या घरात मोबाइल आहे आणि तोही तिच्या हाती जातो. त्यावर ती 'किशोर' मासिकाचे जुने अंक काढून वाचते, तशी नुसते बोट सरकवत अर्धा तास घालवतेही. दहावीचा अभ्यास दहावीच्या मुलीने केलाच पाहिजे. तो ती करते. पण वाचनाच्या बाबतीत मी आता तीनच गोष्टी पाळतो. पहिली, 'याचा उपयोग काय?' हा प्रश्न विचारायचा नाही. दुसरी, अर्धे टाकलेले पुस्तक हा अपराध मानायचा नाही. ते बहुधा दुसरीकडची वाट दाखवून मोकळे झालेले असते. तिसरी, आणि सर्वांत कठीण: मूल काही सांगायला आले की हातातले काम ठेवून ऐकायचे. तेवढ्यासाठी गाल कापला तरी चालेल.

वाचनवही वाया गेली नाही. कन्येने तिच्या पुठ्ठ्यावर नवा कागद चिकटवून 'कशावरून काय' असे नाव घातले. रकाने तिने मोडीत काढले. आता त्यात नुसते बाण असतात: खसखस, मग अफू, मग माळवा, मग झाशी. काही बाण कुठेच जात नाहीत. त्यांच्यापुढे प्रश्नचिन्ह असते. मला ती पाने सर्वांत जास्त आवडतात.

श्रावणातल्या त्या रात्रीपासून आठ ते नऊ हा तास पुन्हा आजीचा झाला. झाशीचा वेढा दोन दिवसांत संपला. पुढचा प्रवास मात्र लांबला. भटजींच्या वाट्याला लूट, उपास आणि वणवण फार. दक्षिणेसाठी निघालेला माणूस मिळवलेले सगळे गमावून बसला. तरी आईवडिलांसाठी गंगेची कावड त्याने काशीहून खांद्यावरून आणली. गणपती होऊन गेल्यावर एका रात्री मी वर्गाची टाचणे काढत बसलो होतो. आतल्या खोलीतून नातीचा वाचनाचा आवाज येत होता. तो थांबला. पुस्तक मिटल्याचे ऐकू आले. थोड्या वेळाने आईचा आवाज आला:

"पोचला हो एकदाचा घरी!"

आणि मग, क्षणभर थांबून, "आता काय आणलंस वाचायला?"

यंदाच्या दहावीत कन्येला किती गुण पडतील, मला ठाऊक नाही. अनारशांचे पीठ भिजले आहे. दिवाळी अंकांचा पहिला गठ्ठा कालच घरात आला आणि तो माझ्या हाती लागलेला नाही. हा अंकही तिच्याच हाती आधी पडणार. जाहिराती वाचून झाल्या की ती या लेखाशी येईल. तिला एवढेच सांगायचे आहे, की किल्ली आता खणात नाही. ती कपाटालाच लावून ठेवली आहे.